चिनी चित्रात बगळा कमळांतच का उभा असतो?

दोन प्रश्न आले आहेत. पहिला असा: मुलगी मोठ्या परीक्षेला बसणार म्हणून ऑफिसमधल्या चिनी सहकाऱ्याने घरी एक उभं, गुंडाळून ठेवता येणारं चित्र भेट दिलं. चित्रात एकच पांढरा बगळा, दोन-तीन कमळं, काही सुकत चाललेली पानं आणि मागे थोडं बोरूचं बेट. आपल्याकडे बगळा म्हटलं की ढोंग आठवतं, मग ही शुभेच्छा कशी? आणि दुसरा: अशी चित्रं काढायला शिकायचं तर प्रत्येक झाडाचा, प्रत्येक प्राण्याचा अर्थ पाठ करावा लागतो का?

मी गेली तेवीस वर्षं चिनी कुंचल्याने फुलं-पक्षी काढते आहे. त्यातले काही महिने हांगझोऊमध्ये एका वयस्कर चित्रकारांसमोर बसून शिकले, बाकी सगळं पुण्यात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं, पण तिथे बगळ्याच्या वाटेनेच जाता येतं.

चिनी भाषेत बगळा म्हणजे 'लू' आणि रस्ता म्हणजेही 'लू'. कमळ म्हणजे 'ल्यान', आणि सलग, एकामागून एक, यालाही 'ल्यान'. एक म्हणजे 'यी'. आता तुमचं चित्र मोठ्याने वाचा. एक बगळा, कमळं: 'यी लू ल्यान', आणि त्यापुढचा शब्द 'ख', म्हणजे सरकारी परीक्षा. 'यी लू ल्यान ख': एकाच वाटेने जाताना सगळ्या परीक्षा सलग पार पडोत. जुन्या चीनमध्ये जिल्हा, प्रांत, राजधानी अशा चढत्या परीक्षा देऊनच अधिकारी होता येई. त्या परीक्षा १९०५ साली बंद झाल्या, हे चित्र मात्र चालू राहिलं. बगळा एकच आहे तो यासाठी. दोन काढले असते तर वाक्य मोडलं असतं. तुमच्या सहकाऱ्याने फार विचार करून भेट निवडली आहे, एवढं मुलीला जरूर सांगा.

आपण ज्याला श्लेष म्हणतो तोच हा, पण डोळ्यांनी वाचायचा. वटवाघूळ 'फू' आणि सुखसमृद्धीही 'फू', म्हणून तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांवर आणि ताटल्यांवर वटवाघळं असतात. मासा 'यू', शिल्लक उरणं 'यू', म्हणून नव्या वर्षाला मासे. लावा पक्ष्यातला 'आन' म्हणजे शांतता आणि शेवंतीतला 'च्यू' म्हणजे राहणं, म्हणून लावे शेवंतीखाली दाणे टिपताना दाखवले की 'सुखाने नांदा'. मांजर 'माओ', फुलपाखरू 'द्ये', आणि सत्तरी-ऐंशी-नव्वदीच्या वयाला 'माओद्ये' असा जुना शब्द आहे. म्हणून फुलपाखराकडे झेपावणारं मांजर आजी-आजोबांच्या वाढदिवसाला देतात. मेइ नावाच्या फुलझाडाच्या फांदीवर बसलेला मॅगपाय म्हणजे आनंद भुवयांपर्यंत चढला, कारण 'मेइ' म्हणजे ते फूल आणि 'मेइ' म्हणजे भुवई. हा मॅगपाय आपला दयाळ नव्हे. आपल्या टकाचोराच्या नात्यातला, काळापांढरा, लांब शेपटीचा पक्षी तो.

इथवर आलं की वाटतं, सोपं आहे, यादी करून टाकू. माझा विरोध इथूनच सुरू होतो. कमळ घ्या. परीक्षार्थ्याला दिलेलं कमळ 'सलग' असतं. अधिकाऱ्याच्या भिंतीवर एकच हिरवं-पांढरं कमळ असेल तर तेच 'ल्यान' 'प्रामाणिक, लाच न घेणारा' या अर्थाचं होतं. नवरा-नवरीच्या खोलीत एकाच देठावर दोन कमळं असतील तर तो अर्थ जोडप्याचा. आणि बौद्ध मठात ते चिखलातून निर्मळ वर आलेलं, आपल्या ओळखीचं पंकज असतं. फूल तेच, सोबत आणि घर बदललं की वाक्य बदलतं. 'लू' तर बगळाही आहे, रस्ताही आहे, हरीणही आहे आणि अधिकाऱ्याचा पगारही आहे. 'कमळ म्हणजे पावित्र्य, हरीण म्हणजे संपत्ती' अशा ज्या याद्या सगळीकडे फिरतात त्या चित्राचा एक-एक शब्द सुटा करतात, आणि सुट्या शब्दांतून वाक्य कळत नाही. एकटं फूल वाचू नका, जोडी वाचा. हे मी पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना सांगते आणि पहिल्याच महिन्यात ते विसरतात.

पण जोडी फक्त उच्चारावरून जमत नाही. झाड आणि प्राणी एकत्र येण्याची दुसरी अट आहे काळाची, आणि माझ्या मते या परंपरेचा जीव तिथे आहे.

अकराव्या शतकातले विद्वान शेन ख्वो यांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. ओउयांग श्यू या मोठ्या साहित्यिकाकडे एक जुनं चित्र होतं: पिओनीचा ताटवा आणि खाली मांजर. चित्र किती चांगलं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांच्या एका नातलगाने ते पाहिलं आणि म्हणाला, ही भर दुपारची पिओनी आहे. पाकळ्या पसरलेल्या आहेत, रंग कोरडा आहे. सकाळी पाकळ्या आवळलेल्या असतात आणि दवाने रंग ओला दिसतो. आणि मांजराच्या डोळ्यातली बाहुली दोऱ्यासारखी बारीक आहे, सकाळ-संध्याकाळ ती गोल असते. चित्रकाराने फूल आणि प्राणी एकाच घटकेत पकडले होते. मी ही गोष्ट वाचली तेव्हा आधी पळत जाऊन शेजाऱ्यांच्या मांजराचे डोळे बघितले. दुपारी बारा वाजता खरंच दोरा असतो.

याच्याशी जुळणारी दुसरी गोष्ट सम्राट हुइझोंगची. हा सुंग राजवंशातला राजा १०८२ साली जन्मला, स्वतः उत्तम चित्रकार होता, आणि आपल्या चित्रशाळेतल्या मंडळींना तो कसा तपासायचा याच्या हकिकती ११६७ च्या एका ग्रंथात आल्या आहेत. नव्या राजवाड्याच्या भिंतीपडद्यांवर नामवंतांनी चित्रं काढली होती. राजाने कुणाचंही कौतुक केलं नाही, फक्त एका तरुणाने काढलेल्या गुलाबापाशी थांबला आणि त्याला मोठं बक्षीस दिलं. बारमाही फुलणारा तो गुलाब फार थोड्यांना काढता येतो, असं त्याचं म्हणणं, कारण ऋतूप्रमाणे आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे त्याचं फूल, केसर, पान सगळं बदलतं. हा वसंतातल्या मध्यान्हीचा आहे आणि केसभरही चुकलेला नाही. दुसऱ्या वेळी राजवाड्यासमोरच्या लिचीला फळं धरली होती आणि खाली मोर आला होता. राजाने तो काढायला सांगितला. चित्रकारांनी मोर उंचवट्यावर चढताना दाखवला, उजवा पाय उचललेला. राजा म्हणाला, चूक. का चूक ते कुणाला कळेना. काही दिवसांनी त्यानेच सांगितलं: मोर वर चढताना नेहमी डावा पाय आधी उचलतो.

या राजाने राजधानी काइफंगमध्ये गेन्य्वे नावाची प्रचंड बाग उभी केली होती. दूरच्या प्रांतांतून दगड, झाडं, पशुपक्षी नावांतून वाहून आणले होते, आणि त्या वाहतुकीने लोक पिळून निघाले. उत्तरेकडून आलेल्या जुर्चेन सैन्याने शहराला वेढा घातला तेव्हा बागेतली झाडं सरपणाला गेली, हरणं सैनिकांच्या जेवणात गेली. ११२७ मध्ये राजा कैद होऊन उत्तरेला नेला गेला आणि तिथेच मेला. चित्रं उरली. जर्दाळूच्या फुललेल्या फांदीवर बसलेला पंचरंगी पोपट आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. १११२ सालचं, राजवाड्याच्या छपरावर घिरट्या घालणाऱ्या अठरा आणि छपरावर टेकलेल्या दोन करकोच्यांचं चित्र चीनच्या लिआओनिंग प्रांताच्या संग्रहालयात आहे. हे करकोचे बघताना मला दरवेळी त्या बागेतल्या हरणांची आठवण येते. सौंदर्याची एवढी बारीक नजर आणि प्रजेकडे एवढं दुर्लक्ष एकाच माणसात होतं, आणि या चित्रांवर प्रेम करताना ते विसरू नये असं मला वाटतं.

निरीक्षणाची सुरुवात अर्थात त्याच्याही आधीची. दहाव्या शतकात सिच्वानच्या दरबारात हुआंग छुआन नावाचे चित्रकार होते. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात त्यांचा रेशमावरचा एक लहानसा तुकडा आहे, उंची साडेएक्केचाळीस सेंटिमीटर, रुंदी सत्तरच्या थोडी वर. त्यावर चोवीस जीव सुटे सुटे काढले आहेत: चिमण्या, धोबी, टोळ, मधमाश्या, सिकाडा कीटक, दोन कासवं. झाड नाही, जमीन नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय की हे मुलाला सरावासाठी दिलं आहे. म्हणजे आपण ज्याला अभिजात कलाकृती म्हणून काचेआड बघतो ती एका बापाने मुलासाठी केलेली सरावाची वही होती. सिकाडाचे पंख इतके पातळ रंगवले आहेत की खालचं अंग दिसतं. मी पहिल्यांदा त्याची चांगली छपाई हातात घेतली तेव्हा आठवडाभर फक्त तो एक पंख काढत बसले होते.

माझी स्वतःची फजितीही याच विषयावर झाली. हांगझोऊत असताना मी मोठ्या मेहनतीने पिवळी शेवंती काढली आणि वरून पाकोळ्या उडताना दाखवल्या. रचना छान जमली होती. सर बराच वेळ बघत राहिले आणि एवढंच विचारलं: महिना कोणता? तिथे शेवंती चांद्रवर्षाच्या नवव्या महिन्याची, पाकोळ्या वसंतात येतात आणि थंडी पडायच्या आत निघून जातात. माझ्या चित्रात दोन वेगळे महिने एकाच कागदावर बसले होते. त्या दिवसानंतर मी काहीही काढायच्या आधी कागदाच्या मागे महिना आणि घटका लिहिते.

आता तुमचं चित्र परत बघा. बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब, दोरीसारखी पिसं लोंबताहेत का? लहान बगळ्याला ती विणीच्या हंगामातच येतात, तीही उन्हाळ्याच्या आसपास. कमळही उन्हाळ्याचं. तेव्हा तुरा आणि उमललेली कमळं एकत्र असतील तर चित्रकाराने तळं पाहिलेलं आहे. सगळी पानं वाळलेली, कमळाच्या बोंडात बिया पिकलेल्या आणि तरी बगळ्याला ऐन विणीतला तुरा असेल, तर त्याने बहुधा दुसऱ्याचं चित्र पाहून काढलंय. तुमच्या चित्रात पानं नुकती सुकायला लागलीत आणि फुलंही आहेत, म्हणजे उन्हाळा संपत आलेला. अशा वेळी तुरा अर्धा झडलेला असेल तर मी त्या चित्रकाराला मनापासून दाद देईन.

इतकी काटेकोर नजर असूनही परंपरा चुकते, आणि त्या चुका सांगितल्याच पाहिजेत. कवी सू शी यांनी हुआंग छुआनची चूक काढली होती: उडणारा पक्षी मान आणि पाय दोन्ही ताणून कधी उडत नाही, मान आखडली तर पाय लांब, पाय आखडले तर मान लांब. बगळ्याला हे अगदी लागू पडतं, तो मान इंग्रजी एस अक्षरासारखी मुडपून उडतो. पण ज्यांनी गोंदियाच्या धानाच्या शेतांवरून सारस उडताना पाहिलेत त्यांना माहीत आहे की करकोच्याच्या कुळातले पक्षी मान पुढे आणि पाय मागे, दोन्ही सरळ ताणून जातात. म्हणजे नियम सांगणारा मोठा माणूस होता, पण नियम सगळ्या पक्ष्यांना लागू नव्हता. तसंच पाइनच्या फांदीवर उभा असलेला लाल टोपीचा करकोचा. दीर्घायुष्याची खूण म्हणून हे चित्र हजारो वेळा काढलं गेलंय. पण त्या करकोच्याचं मागचं बोट इतकं आखूड आणि वर असतं की त्याला फांदी धरता येत नाही, तो झाडावर बसतच नाही, दलदलीत राहतो. शिवाय उभा असताना त्याच्या मागे दिसणारा काळा झुबका हा शेपटीचा नसून मिटलेल्या पंखांचा असतो, शेपटी पांढरी असते. अनेक चित्रकार शेपटीच काळी रंगवतात. इथे शुभेच्छेने निसर्गाला ढकलून दिलं. मी अशी चित्रं काढत नाही. विद्यार्थ्यांनी काढायचीच म्हटलं तर करकोचा झाडाखाली उभा करा म्हणते, अर्थ तोच राहतो.

तिसरी गोष्ट माणसांची. काही झाडांना अर्थ आला तो उच्चारातून नाही, ऋतूतूनही नाही, तर कुणीतरी त्या झाडासोबत आयुष्य काढलं म्हणून. मेइ, ऑर्किड, बांबू, शेवंती या चौघांना 'चार सज्जन' म्हणतात. यातल्या दोन नावांवर आपल्याकडे गोंधळ होतो. मेइ म्हणजे आपण खातो तो प्लम नव्हे, जर्दाळूच्या जवळचं झाड, पानं यायच्या आधी बर्फातच फुलणारं. आणि ऑर्किड म्हणजे पुष्पगुच्छातलं जांभळं मोठं फूल नव्हे. गवतासारखी लांब पानं आणि त्यांच्यात दडलेलं, वासावरूनच सापडणारं, हिरवट लहान फूल. सज्जन कुणाला म्हणावं याची कल्पनाच त्यात आहे: दरीत कुणी बघत नसतानाही सुगंध देणारा.

हांगझोऊच्या पश्चिम सरोवरातल्या एका बेटावर लिन बू नावाचा सुंग काळातला कवी राहत असे. लग्न केलं नाही. मेइची झाडं ही बायको आणि करकोचे ही मुलं, असं लोक म्हणत. त्या बेटावर आजही मेइ फुलते. मी तिथे फेब्रुवारीत गेले होते, पाऊस होता, आणि काळ्या ओल्या फांदीवर पांढरं फूल कसं दिसतं ते मला तेव्हा कळलं. तोवर मी फांद्या फार राखाडी काढायचे.

झेंग सश्याओची गोष्ट याहून जड आहे. मंगोलांनी १२७९ मध्ये सुंग राज्य पूर्ण जिंकलं. हा माणूस जुन्या राजाशी निष्ठावान राहिला, आणि त्यानंतर त्याने काढलेल्या ऑर्किडला माती नसायची, मुळं मोकळी. कुणी विचारलं तर म्हणायचा, माती परक्यांनी चोरली, तुम्हाला माहीत नाही? १३०६ सालचं त्याचं एक लहान चित्र ओसाकाच्या संग्रहालयात आहे. थोडी पानं, एक फूल, बाकी कोरा कागद. तीनशे-चारशे वर्षांनी पुन्हा तेच झालं. मिंग घराण्याचा वंशज असलेला बादा शानरेन १६२६ मध्ये जन्मला, मिंग राज्य १६४४ ला कोसळलं, तो मठात गेला. त्याचे मासे आणि साळुंक्यांच्या जातीचे पक्षी बघा: एका पायावर, अंग आखडून, डोळ्याची बाहुली वरच्या पापणीला चिकटलेली. ते कुणाकडे तरी पाहायला नकार देतात. त्या पक्ष्याचा अर्थ कुठल्याही यादीत सापडणार नाही, तो त्या माणसाच्या आयुष्यातून आलाय.

बागेबद्दल थोडंसं, कारण ही चित्रं बागेतच वाढली. सुझोऊ शहरातल्या झुओझेंग बागेची एकतीस दृश्यं चित्रकार वेन झेंगमिंगने १५३३ मध्ये कवितांसह काढली. केळीचं कुंपण, पीचचा काठ, गुलाबांची पायवाट, बांबू अशी ती स्थळं आहेत. आज त्या बागेत एक मंडप केळींपाशी आहे, नाव 'पाऊस ऐकण्याचा मंडप'. दुसरा तळ्याकाठी आहे, त्याचं नाव एका जुन्या कवितेवरून आलंय: वाळकी कमळपानं राहू द्या, त्यांच्यावरचा पाऊस ऐकायचाय. कोकणातल्या माणसाला केळीच्या पानावरचा पाऊस समजावून सांगावा लागत नाही. म्हणून चित्रात केळ दिसली की तिथे आवाज काढलेला आहे असं समजा.

आता शिकण्याचं. सतराव्या शतकात नानजिंगमधल्या 'मोहरीच्या दाण्याची बाग' या बागेच्या नावाने एक चित्रपाठ छापायला सुरुवात झाली. डोंगर-पाण्याचा भाग १६७९ ला आला, चार सज्जन, फुलं, कीटक, पक्षी १७०१ ला. आजही आम्ही त्यातूनच सुरू करतो. ऑर्किडचं पहिलं पान एका श्वासात, दुसरं त्याला छेदून जातं आणि दोघांच्या मध्ये बदामी फट राहते, तिला फिनिक्सचा डोळा म्हणतात. तिसरं पान तो डोळा फोडून जातं. हे तीन फटके नीट यायला मला पहिलं वर्ष लागलं. बांबूचं खोड खालून वर, पेराला थांबून, कुंचला न उचलता क्षणभर मागे रेटून. पक्षी चोचीपासून, मग डोळा, मग डोकं, आणि धड अंड्याच्या आकारावर. चोच आणि डोळा चुकला तर पुढचं काढू नका, कागद बदला.

कागदाच्या नावाने बाजारात 'राइस पेपर' विकतात. तो तांदळाचा नसतो. अस्सल श्वान कागद आन्हुइ प्रांतातल्या जिंग तालुक्यात छिंगथान झाडाची साल आणि भाताचा पेंढा मिसळून होतो. कच्चा कागद शाई झटकन पितो, तो झपाट्याच्या, मनातलं लिहून टाकल्यासारख्या चित्रांना. पक्का म्हणजे तुरटी आणि सरस दिलेला कागद बारीक रेषेच्या, थरावर थर चढवायच्या कामाला. पक्का कागद आपल्या पावसाळ्यात बिघडतो: दमट हवेत तुरटीचा थर जागोजागी मरतो आणि रंग लावताना अचानक डाग फुटतात, जे पुसता येत नाहीत. माझं तीन आठवड्यांचं काम असं एका जुलैत गेलं. तेव्हापासून पक्का कागद मी प्लॅस्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, लोखंडी पेटीत ठेवते आणि जून ते सप्टेंबर फक्त कच्च्या कागदावर काम करते. रंगांत हिंगूळ, नीळ, शिंपल्याची पांढरी पूड अशी आपल्या ओळखीची नावं भेटतील. पिवळा गॅम्बोज कोकमाच्या कुळातल्या झाडाचा चीक आहे आणि विषारी आहे. कुंचल्याला टोक आणायला तो ओठांना लावायची सवय असेल तर आजच सोडा.

मग यादी पाठ करायची का? माझं उत्तर: नाही, एक चित्र महिनाभर बघा. मी सुचवेन ते त्सुइ बाय या सुंग काळातल्या चित्रकाराचं १०६१ सालचं, तैपेईच्या राजवाडा संग्रहालयातलं. जवळजवळ दोन मीटर उंच. दोन मॅगपाय आहेत म्हणून लोक त्याला 'दुहेरी आनंद' म्हणतात. पण चित्रात आनंद कुठे आहे? शरदातला वारा सुटलाय, बांबू आणि गवत एका बाजूला झुकलंय, एक पक्षी फांदीवरून वाकून ओरडतोय, दुसरा पंख पसरून मदतीला येतोय, आणि खाली एक ससा मागे वळून, पुढचा पाय उचलून त्यांच्याकडे बघतोय. नावातला श्लेष एका बाजूला, आणि त्या ओरडण्याने दचकलेला ससा दुसऱ्या बाजूला. सशाच्या अंगावरचे केस बघा, एकही रेष सरळ बाह्यरेषा म्हणून काढलेली नाही, सगळं अंग केसांनीच घडवलंय. सही झाडाच्या खोडावर लपवली आहे, ती शोधायला मला दोन दिवस लागले.

आणि हातात कुंचला घ्यायचाच असेल तर मुलीच्या परीक्षेआधी तुम्हीच एक बगळा काढा. कमळाचं तळं जवळ नसलं तरी चालेल, ओढ्याकाठी किंवा भातखाचरात लहान बगळा दिसतोच. काळी चोच, काळे पाय, पिवळी पावलं. पंधरा मिनिटं फक्त बघत राहा, तो कुठला पाय आधी उचलतो तेही बघा. मग घरी कच्च्या कागदावर त्याची चोच आणि डोळा गडद शाईने काढा, पाठीची रेष अगदी फिकट. बगळ्याला पांढरा रंग लावायचा नाही. त्याच्याभोवतीचा कागद पाण्याने ओला करा आणि संध्याकाळच्या आभाळाइतकी पातळ राखाडी शाई बाहेरून आत सोडा, पंखांच्या कडेशी पोचायच्या जरा आधी थांबा. राखाडी वाळली की मधला कोरा कागद बगळा झालेला दिसेल.